बेंड पाइपवर चढणारा निळा रंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या देखभालीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती : इंजिनातून निघून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप पिवळा, जांभळा किंवा निळा का पडतो, ते दुखणे समजावे की नाही, आणि त्यावर उपाय काय. म्हणून या वेळी बाकीचे विषय पुढे ढकलून हीच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी इंदूरच्या रामबागेत राहतो. चार महिन्यांपूर्वी ३५० सीसीची नवी मोटारसायकल घेतली आणि रोज राऊमार्गे पीथमपूरला कामावर जातो. पहिल्याच आठवड्यात बेंड पाइपवर सोनेरी झाक आली आणि आता वळणावर जांभळा-निळा पट्टा उठला आहे. शोरूममध्ये विचारले तर ‘हे होतच असते’ असे सांगतात. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो की मिश्रण पातळ आहे, इंजिन जास्त तापते आहे, वेळीच दाखवून घ्या. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : आपल्या गाडीपुरता कौल मी शोरूमच्या बाजूने देईन. मेकॅनिकची शंका (मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) निराधार नाही, पण तिला पुरावा लागतो आणि आपल्या पत्रात तो दिसत नाही.

आधी हा रंग येतो कसा ते पाहू. धातू तापला की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि ऑक्साइडचा एक पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. त्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पापुद्र्याच्या वरच्या बाजूनेच परततो, काही आत शिरून खालच्या धातूवरून परततो, आणि हे दोन भाग पुन्हा एकत्र येताना त्यांतील काही रंग एकमेकांना खोडून टाकतात. पापुद्रा फारच पातळ असेल तर निळा-जांभळा प्रकाश खोडला जातो आणि डोळ्यांना पिवळसर झाक दिसते. तो जाड होत गेला की पिवळा प्रकाश खोडला जातो आणि निळा उरतो. पहिल्या पावसात ओल्या डांबरावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जे रंग दिसतात, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे. म्हणजे आपल्या पाइपवर कोणताही रंग ‘लागलेला’ नाही; पाइप तेथे किती तापला आणि किती वेळ तापलेला राहिला, याची ती नोंद आहे.

ही नोंद वाचण्याची विद्या जुनी आहे. माळव्यात रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणारे गाडिया लोहार ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल की छिन्नीला पाणी देताना लोहाराची नजर घासून उजळ केलेल्या पात्यावर सरकणाऱ्या रंगावर खिळलेली असते. गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. आणि ज्या कामासाठी हत्यार हवे असेल त्या छटेवर तो ते पाण्यात बुडवतो. साध्या पोलादात ही सगळी मालिका साधारण २२० ते ३१० अंश सेल्सिअस या टप्प्यात उरकते. थर्मामीटर नसलेल्या कारागिराने रंगावरून तापमान ओळखावे आणि ते अचूक निघावे, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

आपला पाइप मात्र साध्या पोलादाचा नसून बहुधा स्टेनलेस स्टीलचा असावा. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि ते ऑक्साइडची वाढ रोखून धरते, त्यामुळे तेच रंग बऱ्याच वरच्या तापमानाला उमटतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर फिकट पिवळा रंग २९० अंशांच्या सुमारास येतो, काडीसारखा पिवळा ३४० च्या, तपकिरी ३९० च्या, गडद जांभळा ४५० च्या आणि निळा ५४० च्या सुमारास. हे आकडे थोडा वेळ तापवलेल्या धातूचे आहेत. तोच पाइप रोज तासभर याप्रमाणे महिनोन्‌महिने तापत राहिला तर याहून कमी तापमानालाही पापुद्रा तितकाच जाड होऊ शकतो, म्हणून निळा पट्टा पाहून ‘पाइप ५४० अंशांना पोचला’ असे थेट म्हणता येत नाही. इंजिनावर भार असताना बाहेर पडणारे वायू ६०० ते ८०० अंशांपर्यंत तापलेले असतात. पाइपची बाहेरची भिंत वाऱ्यामुळे त्याहून बरीच थंड राहते, तरी सोनेरी ते जांभळ्या रंगापर्यंतची मजल निरोगी इंजिनही सहज गाठते.

पट्टा वळणावरच का उठला, यालाही कारण आहे. सिलिंडरमधून सुटलेला वायूचा झोत सरळ रेषेत धावतो आणि पहिल्या वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. तेथे तो घुसळला जातो आणि सरळ नळीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धातूला देतो. शिवाय स्टेनलेस स्टील उष्णतेचे वहन साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच करते, त्यामुळे ती उष्णता आजूबाजूला पसरत नाही, तेथेच साठते आणि पट्ट्याची कड ठळक दिसते. आपली गाडी २०२० नंतरची असल्याने ती भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाची आहे, म्हणजे तिच्यात उत्प्रेरक परिवर्तकही (धुरातील घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आहे. तो २५० ते ३०० अंशांच्या आसपास तापल्यावरच नीट काम करू लागतो, म्हणून तो शक्य तितका इंजिनाजवळ बसवण्याकडे निर्मात्यांचा कल असतो. त्याच्या आजूबाजूचा भागही रंग धरतो. शेजाऱ्याच्या गाडीचा पाइप असा रंगत नसेल तर तो बहुधा दुहेरी भिंतीचा असेल, म्हणजे आत एक नळी, बाहेर दुसरी आणि मध्ये हवा. आतली नळी तेथेही तितकीच निळी असते, फक्त ती दिसत नाही.

आता शंका कधी घ्यावी ते सांगतो. सोनेरी झाक पहिल्या आठवड्यात यावी, जांभळा-निळा पट्टा दोन-तीन महिन्यांत वळणावर उठावा आणि पुढे तो जवळजवळ तेथेच थांबावा, हा स्वाभाविक क्रम आहे. पापुद्रा स्वतःच ऑक्सिजनची वाट अडवू लागतो, म्हणून त्याची वाढ मंदावते. याउलट स्थिरावलेला पट्टा अचानक सायलेन्सरच्या दिशेने सरकू लागला, निळ्याच्या पलीकडे जाऊन पृष्ठभाग राखाडी व खरखरीत झाला, किंवा रात्री गाडी थांबवल्यावर पाइप अंधारात लालसर दिसला, तर ती तक्रार इंजिनाची आहे. अंधारात धातू लालसर दिसू लागतो तो साधारण ५०० अंशांच्या पुढे. दोन सिलिंडरची गाडी असेल तर आणखी सोपे : दोन्ही पाइपांचे रंग जुळले पाहिजेत, एकच जास्त निळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये काही वेगळे चालले आहे.

माझी सूचना एवढीच की महिन्यातून एकदा, सकाळच्या उजेडात, एकाच कोनातून पाइपचे छायाचित्र घेऊन ठेवावे. चार महिन्यांची छायाचित्रे शेजारी ठेवली की मेकॅनिकशी वाद घालण्याची गरज उरणार नाही.

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. मी राजेंद्रनगरात राहणारा निवृत्त शिक्षक असून माझ्याकडे १९८८ मध्ये घेतलेली ३५० सीसीची कार्बोरेटरवाली मोटारसायकल आहे. तिचा क्रोमचा पाइप इतकी वर्षे चांदीसारखा होता. दोन महिन्यांपूर्वी कार्बोरेटर साफ करून घेतला, त्यानंतर तीन आठवड्यांत पाइप जवळजवळ अर्ध्या लांबीपर्यंत निळा झाला. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज येतात आणि सिमरोलचा घाट चढताना गाडीचा दम तुटतो. मेकॅनिक नवा पाइप बसवायला सांगतो. बसवावा काय?

उत्तर : सर, कृपा करून अजून बसवू नये. आपल्या पत्रातच निदानाचा बराचसा भाग आलेला आहे आणि तो पाइपकडे बोट दाखवत नाही. जी गोष्ट पस्तीसहून अधिक वर्षे झाली नाही ती तीन आठवड्यांत झाली, याचा अर्थ पाइपात येणारी उष्णता बदलली. नवा पाइप बसवला तर तोही तीन आठवड्यांत निळा होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याही गाडीचा पाइप असाच निळा झाला होता. मी तो दोन रविवार घालवून पॉलिशने घासला आणि पंधरा दिवसांत रंग परत आला, कारण एक्झॉस्टच्या तोंडाची पॅकिंग फुटलेली होती आणि तिकडे मी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून कारण सापडेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, हा नियम मी पाळतो.

तपासणी कार्बोरेटरपासूनच सुरू करावी, कारण बदल त्याच्या सफाईनंतर झाला. साफ करताना फ्लोटची (आतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची बदलली असेल, जेट (पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र) पूर्ण मोकळा झाला नसेल, किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबर नीट बसला नसेल, तर इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाचे मानले जाते. जुन्या इंजिनांना याहून किंचित श्रीमंत मिश्रण देण्याची पद्धत होती, कारण जास्तीचे पेट्रोल आतली उष्णता शोषून घेते. ते आधिक्य गेले की वायूंचे तापमान चढते, आणि घाटात भार असताना दमही तुटतो. प्लग काढून पाहावा : त्याचे चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी असावे, पांढरेशुभ्र दिसले तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. ही पारख घाट चढून आल्यावर, इंजिन तेथल्या तेथे बंद करून, ते पुरेसे निवल्यावर केली तरच उपयोगाची. घरी पाच मिनिटे मंद चालवून काढलेला प्लग काही सांगत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. हल्ली पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजनच असतो, म्हणजे १९८८ साली ठरवलेल्या जेटमधून तितकेच इंधन गेले तरी मिश्रण पूर्वीपेक्षा थोडे पातळ होते. इंजेक्शनची नवी गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने हे स्वतःच सुधारून घेते. कार्बोरेटरला ते जमत नाही. केवळ एवढ्याने पाइप निम्म्यापर्यंत निळा होईल असे मला वाटत नाही, पण आधीच काठावर असलेल्या इंजिनाला ते काठाबाहेर ढकलू शकते. एक आकडा मोठा मुख्य जेट लावून पाहण्याचा प्रयोग आपल्या गाडीवर करण्यासारखा आहे. त्याबरोबरच कार्बोरेटरमधील जुने रबरही तपासून घ्यावेत, कारण इथेनॉल त्यांना फुगवते.

थ्रॉटल सोडल्यावर येणारे आवाज दुसऱ्या दिशेनेही नेतात. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमधून थोडे न जळलेले इंधन पाइपात येते. तेथे एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेल्या फटीतून बाहेरची हवा शिरली की ते पाइपातच पेट घेते. गाडी थंड असताना सुरू करून त्या जोडाभोवती साबणाचे पाणी लावले तर फट असल्यास बुडबुडे येतात. पॅकिंग थोड्या पैशांत मिळते, तेव्हा शंका असली तरी ती बदलून टाकावी.

तिसरी जागा म्हणजे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. आपल्या काळच्या गाड्यांत सीबी पॉइंट (उघडताच वीजप्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) असतात. त्यांची टाच घासत गेली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी ज्वलन चालूच राहते, म्हणजे जी उष्णता पिस्टनला ढकलण्यासाठी खर्च व्हायची ती पाइपात येते; गाडी ओढत नाही आणि पाइप मात्र तापतो. एक्झॉस्टचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) फार घट्ट असल्यासही असाच त्रास होतो, त्यात व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वेगळा. हे सारे एका दुपारचे काम आहे, आणि पॉइंट जाणणारा जुना मेकॅनिक आपल्याकडे अजून सापडतो.

हे झाल्यानंतरच पाइपकडे वळावे. क्रोमवरचा निळेपणा चांगल्या मेटल पॉलिशने बराच उतरतो. पूर्वीची चांदी पूर्ण परत येईल असे आश्वासन मात्र मी देणार नाही.

प्रश्न : मुलीने पहिल्या पगारातून मोटारसायकल घेतली. दसऱ्याला मी हौसेने गाडीची पूजा केली, हँडलला आणि टाकीला लावले तसे सायलेन्सरच्या पाइपलाही हळदीकुंकवाची बोटे ओढली, तेलाच्या हातांनी. ती गाडी घेऊन राजवाड्याकडे जाऊन आली आणि त्या बोटांच्या जागी काळे-तपकिरी डाग पडले. मुलगी काही बोलत नाही, पण मला फार वाईट वाटते. हे निघतील का? (सुदामानगर)

उत्तर : ताई, बहुतेक निघतील. हळद आणि तेल ही सेंद्रिय द्रव्ये आहेत. तापलेल्या पाइपवर ती जळून त्यांचा कोळसा झाला आणि तो चिकटून बसला. पाइप पूर्ण थंड असताना खाण्याचा सोडा आणि थोडे पाणी यांचा घट्ट लेप डागांवर लावून, वर ओले फडके गुंडाळून तासभर ठेवावे आणि मग नायलॉनच्या घासणीने हलक्या हाताने पुसावे. भांडी घासण्याची लोखंडी तारेची जाळी वापरू नये. ती चरे पाडते, आणि पाइप स्टेनलेसचा असेल तर लोखंडाचे बारीक कण मागे ठेवते, जे पुढे गंजतात. दोन-तीन वेळा हे केल्यावर उरलेली सावली मेटल पॉलिशने जाईल. कोळशाखालचा धातू आजूबाजूपेक्षा निराळ्या रीतीने तापलेला असल्याने बोटांची पुसट आकृती काही दिवस राहील, पण पाइप जसजसा सगळीकडे सोनेरी होत जाईल तसतशी ती त्यात मिसळून जाईल.

नव्या पाइपबाबत हे सर्वांनीच लक्षात ठेवावे : पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी पाइपवर बोटांचा, ग्रीसचा किंवा स्टिकरच्या गोंदाचा कोणताही ठसा राहता कामा नये, कारण पहिल्या तापण्यात तो ठसा पक्का होतो. थंड पाइप थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा, फडके दूर ठेवावे, थिनर पूर्ण उडून गेल्याची खात्री करावी आणि मगच गाडी सुरू करावी. पुढच्या दसऱ्याला टाकीला आणि दिव्याला कुंकू लावावे, पाइपला फक्त फुलाने हात लावावा आणि गाडी निघण्यापूर्वी ते फूल काढून घ्यावे.

प्रश्न : मी भंवरकुआंजवळ खोली घेऊन शिकतो. जुनी घेतलेली मोटारसायकल, पाइप क्रोमचा, त्यावर निळे डाग होते. मित्राच्या सांगण्यावरून संडास साफ करण्याचे अॅसिड लावले आणि वाळूच्या कागदाने घासले. डाग गेले, पण आठ दिवसांत पाइपवर तांबूस ठिपके उठले. आता काय करू?

उत्तर : तुम्ही जे केले ते पुष्कळ जण करतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. ज्याला आपण क्रोमचा पाइप म्हणतो तो मुळात साध्या पोलादाचा असतो. त्यावर निकेलचा थर असतो, साधारण १० ते ३० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पुढे. आणि सगळ्यांत वर क्रोमियमचा थर, जो एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही. चकाकी आणि टणकपणा क्रोमियमचा, पण गंजापासून खरे रक्षण करतो तो निकेल. संडासच्या अॅसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि क्रोमियम त्यात विरघळते. उरलेले काम वाळूच्या कागदाने केले. तुम्ही डाग काढला नाहीत, डाग ज्यावर होता तो थर काढलात. तांबूस ठिपके म्हणजे निकेलला पडलेल्या छिद्रांतून वर आलेला पोलादाचा गंज.

तो थर घरी परत आणता येणार नाही. सध्या पाइप सोड्याच्या पाण्याने नीट धुऊन आम्लाचा अंश घालवावा, कोरडा करावा, ठिपके पितळी ब्रशने हलके घासावेत आणि मेणाचा पातळ हात द्यावा. हा हात थोडेच दिवस टिकतो. पुढे दोन मार्ग आहेत : पुन्हा क्रोम करून घेणे, ज्यात जुना थर उतरवून पाइप पुन्हा घासावा लागतो आणि आतल्या काजळीमुळे सगळेच कारखाने हे काम स्वीकारत नाहीत, किंवा पाइप साफ घासून ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा काळा रंग मारणे. विद्यार्थ्याच्या खिशाला दुसरा मार्ग योग्य. हा रंग हवेत वाळल्यावर लगेच दूरवर गाडी नेऊ नये. आधी काही मिनिटे इंजिन चालवून थंड होऊ द्यावे, मग थोडे अधिक, असे टप्प्याटप्प्याने तापवले तरच तो धातूला धरतो.

स्टेनलेसच्या पाइपचे मालकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक इशारा. सियागंजातील दुकानांत वेल्डिंगचे डाग काढण्याची पिकलिंग पेस्ट मागू नये. ती काम चोख करते, पण तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, जे कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करू शकते आणि सुरुवातीला दुखतही नाही. ते कारखान्यातील प्रशिक्षित हातांचे काम आहे. घरी मेटल पॉलिश आणि मऊ कापड पुरेसे आहे. त्याने जो रंग निघत नाही तो राहू द्यावा, त्याने पाइपचे आयुष्य कमी होत नाही.

प्रश्न : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. उन्हामुळे पाइप जास्त निळा होतो का? (पलासिया)

उत्तर : जवळजवळ नाही. जो धातू ४०० अंशांना पोचतो त्याला भोवतालची हवा २० ची आहे की ४२ ची, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. गाडी उभी करून सकाळी दहा मिनिटे एक्सलरेटर पिळत इंजिन ‘गरम’ करण्याची सवय मात्र पाइपला खरोखर तापवते, कारण उष्णता नेणारा वारा तेव्हा नसतो. इंजिन सुरू करावे, अर्धा-पाऊण मिनिट थांबावे आणि सावकाश निघावे.

प्रश्न : निळेपणा झाकण्यासाठी पाइपला कापडी पट्टी गुंडाळून घ्यावी का? बाजारात ‘टायटॅनियम’ म्हणून निळ्या-जांभळ्या रंगाची सायलेन्सरची टोकेही मिळतात. ती खरी असतात का? (विजयनगर)

उत्तर : पट्टी गुंडाळू नये. ती उष्णता आत कोंडते, म्हणजे ज्या कारणाने रंग आला तेच कारण वाढवते, आणि पावसाचे पाणी धरून ठेवते. दोन पावसाळ्यांनंतर ती सोडली की आतला पोलादी पाइप पोपडे धरलेला दिसतो.

टोकांविषयी : टायटॅनियमवर असे रंग खरोखर येतात, तापवूनही आणि विजेच्या साहाय्यानेही, आणि तेथेही ते ऑक्साइडच्या पापुद्र्याचेच असतात. परंतु स्टेनलेस स्टीलवर गॅसची ज्योत फिरवून तेच दृश्य उभे करता येते, आणि स्वस्त मालावर तर नुसता लेप असतो. हातात घेऊन पाहावे : टायटॅनियमचे वजन तेवढ्याच पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के असते. आणि एवढेही कष्ट नको असतील तर जागा पाहावी. सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाला वायू बरेच निवलेले असतात. ज्या गाडीचा बेंड पाइप पिवळाही पडलेला नाही तिच्या शेपटाशी गडद निळा रंग असेल तर तो इंजिनाने दिलेला नाही.

प्रश्न : पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यातून गाडी गेली की तापलेल्या पाइपवर पाणी उडते आणि वाफ होते. पाइप तडकेल का? आणि गाडी धुताना काय काळजी घ्यावी? (तुकोगंज)

उत्तर : पातळ भिंतीचा पाइप अशा शिंतोड्यांनी सहसा तडकत नाही, तो त्यासाठीच बनवलेला असतो. पाणी उडून गेल्यावर त्यातील क्षार आणि चिखल मात्र भाजून पक्के बसतात, आणि बोअरिंगच्या पाण्याने धुतलेल्या पाइपवर दिसणारे पांढरे गोल डाग तेच असतात. धुण्यापूर्वी पाइपवर हात ठेवता येईल इतका तो निवू द्यावा, म्हणजे साधारण पाऊण तास. धुतल्यावर तो लगेच फडक्याने कोरडा करावा. पांढरे डाग पडलेच असतील तर निम्मे पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ते पुसून लगेच साध्या पाण्याने धुऊन टाकावेत. आणि घरात लहान मूल असेल तर गाडी उभी करताना पाइपची बाजू भिंतीकडे ठेवावी.